मेलेलं कोण उचलतं?

नेर, १४ जानेवारी १९६२

चि. जया हिस सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या नावावर आहे, पण तू एकटीने वाचू नकोस. वसतिगृहात आपल्या समाजाच्या जेवढ्या मुली आहेत, त्यांना समोर बसव आणि मोठ्याने वाच.

मुलींनो, तुमच्या आजोबांना गावाने कधी लग्नाला बोलावलं नाही, बारशाला बोलावलं नाही. गावाला त्यांची आठवण यायची ती गोठ्यात बैल मेला म्हणजे. मग माणूस दारात उभा राहून हाक मारायचा, नाव न घेता. तुमचे आजोबा ताटावरून उठून जायचे. पाच वर्षांपूर्वी आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि याच नेरमध्ये हात वर करून सांगितलं, की यापुढे मेलेल्या जनावराला आमचा हात लागणार नाही. त्यानंतर आपल्या माणसांना शेतात काम मिळालं नाही, विहिरीवर भांडणं झाली. कोणी मागे हटलं नाही.

आता जया, तुझ्याशी. एका मोठ्या डॉक्टरने यवतमाळात पाळीव जनावरांचा खाजगी दवाखाना काढला. त्याला हाताखाली शिकायला दोन जण हवे होते. शहरात मुलांची काय वाण होती? त्याने माझ्या थोरल्या भावाची मुलगी का निवडली? रामराव कंपाउंडरने आधी तुझं गाव विचारलं, मग वस्ती विचारली, हे तूच मला सांगितलं होतंस. वस्ती कशाला विचारतात, हे मला कोणी शिकवायला नको.

एवढंच सांग. दवाखान्यात जनावर मेलं, तर ते बाहेर कोण नेतं?

तुझा काका,
धर्मपाल

यवतमाळ, २० जानेवारी १९६२

ती. काकांना जयभीम. काकू आणि आईला जयभीम.

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. दोघी रडल्या. तिसरी म्हणाली, "तुहे काका पाकिटातच भाषण पाठवते का वं?"

मी इथे काय शिकते ते सांगते. सकाळी आधी सुया आणि पिचकाऱ्या उकळायच्या. मग बाहेर बसलेल्यांना एकेक करून आत घ्यायचं. भ्यालेलं कुत्रं चावतं, म्हणून कापडाची पट्टी नाकाडावरून घेऊन हनुवटीखाली वळवायची आणि कानामागे गाठ मारायची. गाठ ओढली की लगेच सुटली पाहिजे, नाहीतर ओकारी आली तर त्याचा जीव गुदमरतो. मांजर पकडायचं नसतं, टॉवेलमध्ये गुंडाळायचं असतं. पहिल्या दिवशी मी पकडायला गेले. हाताचं काय झालं ते आईला सांगू नका.

एका वकीलसाहेबांचं पांढरं केसाळ कुत्रं आहे, नाव प्रिन्स. त्याला "बस" म्हटलं तर ते माझ्याकडे बघत राहतं. "सिट" म्हटलं की बसतं. माझ्याबरोबर शिकणारा भावसिंग, दिग्रसकडच्या तांड्यावरचा, म्हणाला, "मॅट्रिक पास झालेलं दिसते. आपल्याहून पुढं हाय." परवा त्याच प्रिन्सच्या कानात कुसळ गेलं होतं. डॉक्टरांनी काढलं, मी डोकं धरून ठेवलं. ते माझ्या हातात थरथरत होतं आणि मग हळूहळू शांत झालं. डॉक्टर म्हणाले, तुझा हात स्थिर आहे.

वर्ष पूर्ण झालं की दाखला मिळेल. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर छोटी शाखा काढणार आहेत, तिथे मला ठेवतील असं म्हणतात. काका, नेरला काढली तर?

तुमची,
जया

नेर, २ फेब्रुवारी १९६२

चि. जया,

तू मोठं पत्र लिहिलंस. कुत्र्याचं इंग्रजी वाचून तुझी काकू रुखमा पोट धरून हसली. मीही हसलो आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या प्रश्नाला त्यात एक ओळ नाही.

पोरी, मी आयुष्यभर सभा केल्या. प्रश्न टाळायचा असला म्हणजे वक्ता आधी लोकांना हसवतो. ही युक्ती मी स्वतः वापरली आहे.

कुसळ, टॉवेल, पट्टी, सगळं चांगलं आहे. पण तुझी विद्या मला एका दोरीसारखी वाटते आहे, आणि दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते मला दिसत नाही. साहेबांची कुत्री जिवंत असेपर्यंत साहेबांची. मेल्यावर कोणाची?

उत्तर एका ओळीत दे.

धर्मपाल

यवतमाळ, ९ फेब्रुवारी १९६२

ती. काकांना जयभीम.

मेलेली जनावरं नगरपालिकेची गाडी घेऊन जाते. ही एक ओळ.

दुसरी ओळ तुम्ही मागितली नाही, तरी लिहिते. मंगळवारी आपल्या शेजारचे नागोरावदादा दवाखान्यासमोरच्या चहाच्या दुकानात दुपारभर बसले होते. ते कापसाच्या गाडीबरोबर यवतमाळला येतात, हे मला माहीत आहे. ते चहा पीत नाहीत, हेही मला माहीत आहे.

जया

नेर, २७ फेब्रुवारी १९६२

जया,

नागोरावला मी पाठवलं नव्हतं. त्याने तुला पाहिलं हे मात्र खरं, आणि त्याने जे पाहिलं ते त्याने विहाराच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. मी त्याचे शब्द जसेच्या तसे देतो.

"म्या सोताच्या डोयानं पाह्यलं. एस.टी. स्टँडवर जया उभी होती. हातात पत्र्याचा डबा, खालून पाणी गळून राह्यलं होतं, वास येऊन राह्यला होता. म्या इचारलं, काय हाय वं? तं म्हणते, कुत्र्याचं मुंडकं हाय, नागपूरच्या गाडीत द्याचं हाय. अशी बोलली जशी काही भाजीच हाय!"

तुझी आई मथुरावहिनी खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर बोलता आलं नसतं.

तू मला लिहिलं होतंस, गाडी नेते. नगरपालिकेची गाडी मुंडकं कापून एस.टी.त पाठवते का? तू खोटं बोललीस आणि माझ्याशी बोललीस. ज्या कामापायी आपण उपाशी राहिलो, तेच काम तुला पांढरा डगला घालून करायला लावलं, आणि तू त्याला विद्या म्हणतेस!

सभेत ठराव झाला. मार्च अखेर मथुरावहिनीने तुला घरी घेऊन यावं. ठराव मीच मांडला. विरोधात एकही हात वर झाला नाही.

धर्मपाल

यवतमाळ, २ मार्च १९६२

ती. काकांना जयभीम.

मी अर्धं खरं लिहिलं होतं. आता पूर्ण लिहिते, मग हवा तो ठराव करा.

नगरपालिकेची गाडी येते. पण ती फाटकापर्यंत येते. पिंजऱ्यापासून फाटकापर्यंत कोणी न्यायचं? पहिल्या आठवड्यात रामराव म्हणाले, "जया, तुला काही वाटत नाही ना? तूच ने." पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळी तेच. आवाज गोड होता. भावसिंग शेजारी रिकामा उभा असायचा, त्याला कधी म्हणाले नाहीत. तुमचा संशय खरा होता. म्हणूनच मी हसवण्यासारखं लिहिलं. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही मला घेऊन जाल, आणि मला जायचं नव्हतं.

पण ऐकून ठेवा. जानेवारी संपता संपता मी डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, मेलेलं जनावर मीच का नेते? ते रामरावांकडे बघत राहिले. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं, असं त्यांनी दाखवलं. खरंच आलं नव्हतं की नाही, मला माहीत नाही. म्हणाले, उद्यापासून पाळी. तिघांची. दुसऱ्याच दिवशी रामरावांची पाळी आली. नाकाला रुमाल बांधून मेलेलं मांजर असं नेलं, जसं काही ते उठून चावणार होतं. भावसिंग मागून म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, बांधू का त्याच्या तोंडाले पट्टी?"

आता डब्याचं. एक पिसाळलेलं वाटणारं कुत्रं एका शाळकरी मुलीला चावलं आणि दवाखान्यात आणल्यावर मेलं. त्याचा मेंदू नागपूरला तपासायचा होता. म्हणून मुंडकं बर्फात घालून पाठवलं. गळत होतं ते बर्फाचं पाणी. त्या दिवशी पाळी भावसिंगची होती. डबा मी मागून घेतला. ती मुलगी बाकावर आईला चिकटून बसली होती आणि मला एस.टी.ची वेळ माहीत होती, म्हणून.

काका, नाही म्हणायचा हक्क तुम्ही मला मिळवून दिला. तो मी वापरला. मग हो म्हणायचा हक्क तुम्ही कोणाकडे ठेवला आहे?

जया

नेर, २१ मार्च १९६२

चि. जया,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आजही देत नाही. ठराव कायम आहे. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. यवतमाळच्या गाडीचा कंडक्टर देवसिंग ते दवाखान्यात आणून देईल, त्याच्याच हाती उलट पाठव. तो संध्याकाळी परत येतो.

नागोरावचा कुत्रा शेऱ्या तुला माहीत आहे. लहानपणी तू त्याला भाकरी घालायचीस. आठवड्यापासून तो खात नव्हता. मग लाकूड चावू लागला, माती चावू लागला. आवाज घोगरा झाला, जबडा खाली लोंबला, लाळ गळत होती. काल दुपारी नाल्याच्या काठी मेला.

तो अजून तिथेच पडला आहे. गावातले घनश्याम पाटील आणि त्यांची माणसं पलीकडच्या काठावर येऊन म्हणाली, "तुमच्या वस्तीतलं कुत्रं, तुमचंच काम. उचला." आपली पोरं अलीकडच्या काठावरून म्हणाली, आम्ही शपथ घेतली आहे. मध्ये शेऱ्या. लहान मुलं काड्या घेऊन जवळ जातात, त्यांना हाकलून हाकलून मी थकलो.

आणि एक गोष्ट. नागोरावच्या हाताला चिंधी बांधलेली आहे. विचारलं तर म्हणतो, कुंपणाची तार लागली. तारेने कापलेलं एका रेषेत असतं. चिंधीवर मला वेगवेगळे डाग दिसले. तो खोटं बोलतो आहे असं मला वाटतं.

तुला यातलं काय माहीत आहे ते लिही. आणि या निमित्ताने ठरावाबद्दल काही लिहू नकोस.

धर्मपाल

यवतमाळ, २१ मार्च १९६२

ती. काका,

ठरावाबद्दल एक अक्षर लिहीत नाही. देवसिंग चहा पिऊन निघणार आहे, म्हणून घाईत.

नागोरावदादांची जखम आत्ता, हे पत्र वाचून झाल्याबरोबर, साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. बराच वेळ धुवा. मग त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन या. पोटात सुया घ्याव्या लागतील. तपासणीची वाट बघायची नाही. रोग दिसू लागला की मग उपाय नाही, माणूस हमखास जातो.

ते ऐकणार नाहीत. त्यांना पटायचं असेल तर शेऱ्याची तपासणी हवी. पुरू नका, जाळू नका. डोक्याला काठी लागू देऊ नका. तोंडाला हात लावू नका. हातावर ओरखडा असेल तर हातच लावू नका. काठीने पोत्यात सरकवा, त्यावर दुसरं पोतं घाला, आणि उद्या सकाळी उन्हाच्या आधी कोणीतरी इथे आणा. पुढचं मी बघते.

कोण आणेल ते मला माहीत नाही. मी सांगणार नाही.

जया

नेर, २३ मार्च १९६२

चि. जया,

काल दवाखान्याच्या फाटकात तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझं पत्र मी परवा संध्याकाळी अंगणात वाचलं. तीन तरुणांना म्हटलं, चला. एकाने पायाकडे पाहिलं, दुसऱ्याने आभाळाकडे. तिसरा मारोती, माझाच चेला, माझंच जुनं भाषण मला म्हणून दाखवू लागला. पाठ चांगलं केलं आहे त्याने. मी काल सकाळी एकटा नाल्यात उतरलो.

पलीकडून घनश्याम पाटील म्हणाले, "शेवटी आलंच ना हाताले?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं म्हणून नाही आलं, पाटील. तुमच्या सांगण्यावर तं ते इथंच वाळलं असतं."

पण अलीकडच्या काठावर म्हातारी मैनाबाई उभी होती. ती म्हणाली, "धर्मपाल, तूच आमचा हात धरून शपथ देल्ली ना? माह्या घरच्यानं त्याच्यापायी मार खाल्ला. आता हे काय करून राह्यला बापा?"

पाटलाला उत्तर देणं सोपं होतं. हिला देता आलं नाही. मी पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि निघालो. बाजारातून जाताना दुकानदार उठून उभे राहिले. रस्त्यावर वास माझ्या मागे मागे येत होता. मला माझे वडील आठवले. ते कधी मागे वळून पाहायचे नाहीत. मी मात्र सारखा पाहत होतो, की कोणी हसतं का.

तू पोतं उघडलंस तेव्हा मी पाहिलं. तुझ्या तोंडावर किळस नव्हती, लाजही नव्हती. कडी नीट लागली की नाही हे पाहावं, तसं तू पाहत होतीस. उरलेलं धड रामरावने फाटकापर्यंत नेलं, तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. ती रोजची पाळी होती की माझ्यासाठी केलेलं नाटक, हे मला अजून कळलेलं नाही.

नागोराव हात धुवू देत नाही. तारच म्हणतो.

धर्मपाल

यवतमाळ, २६ मार्च १९६२

ती. काकांना जयभीम.

नागपूरहून तार आली. शेऱ्या पिसाळलेला होता.

नागोरावदादांना उद्याच्या पहिल्या गाडीने घेऊन या. भाषण करू नका. हात धरा आणि गाडीत बसवा. त्यांच्या घरच्या लालीबाईवहिनींना सांगा, त्या रडल्या तर ते येतील.

माझ्याबद्दल दोन ओळी. शेऱ्या मरण्याआधी वस्तीतल्या किती कुत्र्यांशी भांडला असेल, कोण सांगणार? डॉक्टर ८ एप्रिलला नेरला लस घेऊन येणार आहेत. म्हणाले, हीच जयाची परीक्षा. कुत्री तिने धरायची, पट्टी तिने बांधायची, सुई तिने टोचायची. मी नुसता उभा राहीन. चांगलं झालं तर वर्षअखेर दाखला आणि नेरची शाखा. रामराव हसले. म्हणाले, "गावातले लोक हिच्या हातून टोचून घेणार नाहीत, आणि हिच्या वस्तीने तर हिला टाकलंय. रिकाम्या अंगणात कोणाला सुई टोचणार?"

डॉक्टर म्हणाले, अंगण रिकामं राहिलं तर मग विचार करावा लागेल.

ठराव महिनाअखेरचा आहे. परीक्षेची तारीख बघून तो थांबेल का, हे तुम्हालाच विचारावं लागतं.

जया

यवतमाळ, ३ एप्रिल १९६२

नेरच्या बौद्ध वस्तीतील सर्व माता, भगिनी आणि बंधूंना जयभीम.

हे पत्र मारोतीने विहाराच्या अंगणात वाचावं. माझं भाषण पाठ आहे तसं म्हणू नये. कागदावर आहे तेवढंच वाचावं.

मी नागोरावबरोबर इथे सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. त्याला रोज पोटात सुई देतात. तार लागली नव्हती. शेऱ्या चावला होता, मनगटावर, भाकरी घालताना. त्याने लपवलं, कारण चार माणसांत जयाच्या डब्याला नावं ठेवून तो मोकळा झाला होता. मग स्वतः कुत्र्याचं दुखणं घेऊन तिच्याच दारात कसा जाणार? त्याने हे मला परवा सांगितलं आणि तुम्हाला सांगायला सांगितलं. तो म्हणतो, "सुई दुखते, पण ते सांगनं त्याच्याहून दुखलं." तो बरा होईल, असं डॉक्टर म्हणतात. आता शपथेवर कोणी सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

मैनाबाई, तुम्ही मला नाल्याच्या काठी विचारलं होतं. मला रस्ताभर उत्तर सापडलं नाही. इथे बाकावर बसून सापडलं ते देतो, पटलं तर घ्या. तुमच्या घरच्याने मार खाल्ला, तो दुसऱ्याच्या हाकेवर न उठण्यासाठी खाल्ला. त्यांच्या दारात हाक आली की आपण उठणार नाही. उद्याही नाही. पण त्या दिवशी मला कोणी हाक मारली नव्हती. नागोराव मरणार होता, म्हणून मी उतरलो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उतरेन, आणि पाटलाने सांगितलं तर काठावरच उभा राहीन. तुम्हाला हे दोन्ही एकच वाटत असेल, तर मी परत आल्यावर मला समोर बसवून बोला. मी ऐकेन.

जयाला घरी आणण्याचा ठराव मी मांडला होता. महिना संपला, मथुरावहिनी गेली नाही, कारण मी तिला थांबवलं. तुम्हाला न विचारता थांबवलं. त्याबद्दल मला जे म्हणायचं ते म्हणा. पण मी आता उलटा ठराव मांडणार नाही. हात वर करून घेणार नाही. हात वर करायला काही लागत नाही, गेल्या वेळी सगळ्यांनी केलेच.

संशय सोडा, असं मी तुम्हाला म्हणत नाही. आपल्याला संशयानेच जिवंत ठेवलं आहे. रामरावावर माझा अजून आहे, डॉक्टरवर थोडा आहे. हे लोक गोड बोलून आपल्याकडून जुनं काम करून घेतात का, यावर डोळा ठेवायचाच. पण जया त्यांच्यासमोर उभी राहून भांडली आणि पाळी लावून घेतली, तेव्हा तिच्या मागे आपल्यातलं कोणी नव्हतं. आपण इथे ठराव करत होतो. हे मला बोचतं आहे.

आता ती नेरला येते आहे, तिची परीक्षा द्यायला. परीक्षा घेणारे दुरून उभे राहून बघणार, की हिच्या माणसांना हिच्यावर भरवसा आहे का. गावाने टाळलं तर ते समजण्यासारखं आहे. आपण टाळलं, तर रामराव जे हसला ते खरं ठरेल, आणि शेऱ्याबरोबर भांडलेली कुत्री आपल्याच पोरांच्या अंथरुणाशी झोपत राहतील.

म्हणून एकच करा. रविवारी ८ तारखेला, ऊन चढायच्या आत, प्रत्येक घराने आपलं कुत्रं दोरीने बांधून विहाराच्या अंगणात आणा, आणि दोरी जयाच्या हातात द्या.

धर्मपाल